जिल्हा कृषी महोत्सव: सरकारी पैसा येतो कुठून, अडतो कुठे आणि हिशेब कोण बघतं? (नाशिक)

गोदाकाठ (धागाकर्ता)

डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर मांडव पडला की नाशिककर त्याला सरसकट 'कृषी महोत्सव' म्हणून मोकळे होतात. प्रत्यक्षात प्रकार तीन. कृषीथॉनसारखं खासगी प्रदर्शन, दिंडोरीच्या स्वामी समर्थ केंद्राचा जागतिक कृषी महोत्सव म्हणजे संस्थेचा, आणि कृषी विभाग व 'आत्मा' मिळून भरवतात तो जिल्हा कृषी महोत्सव. पहिल्या दोघांनी आपला खर्च आपला बघावा. हा धागा तिसऱ्यापुरता, कारण सरकारी पैसा आणि सरकारी हिशेब तिथे आहे.

आधी पैशाची वाट. आत्मा, म्हणजे कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा, ही केंद्रपुरस्कृत योजना. केंद्र-राज्य वाटा पूर्वी ९०:१० होता, २०१५-१६ पासून ६०:४०. जिल्ह्यात ती नोंदणीकृत संस्था असते. नियामक मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, रोजचा कारभार प्रकल्प संचालकांकडे. २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत 'जिल्हास्तरीय प्रदर्शन, किसान मेळावा, फळ-भाजीपाला प्रदर्शन' या बाबीला जिल्ह्यामागे ४ लाख धरलेत. त्यावर राज्याची भर त्या त्या वर्षीच्या शासन निर्णयाप्रमाणे. मग जिल्हा वार्षिक योजनेतून काही, जिल्हा परिषदेच्या सेसमधून (स्वतःच्या उपकरातून) काही, आणि उरलेली तोंडमिळवणी स्टॉलभाड्यातून.

माझं म्हणणं असं की पैसा कमी पडतो ही तक्रार अर्धीच खरी आहे. तो उशिरा येतो आणि शीर्षांत, म्हणजे ठरवून दिलेल्या खर्चाच्या सदरांत, बांधून येतो. त्यामुळे महोत्सव शेतकऱ्याच्या हंगामात न भरता कोषागाराच्या हंगामात भरतो. जाणकारांनी यावर लिहावं. 'सगळे चोर आहेत' छाप प्रतिसाद कृपया नकोत, त्यासाठी वेगळे धागे आहेत.

---

उन्हाळकांदा

हंगामाचा मुद्दा शंभर टक्के. फेब्रुवारी-मार्चमध्ये निफाड-दिंडोरीत द्राक्षाचा खुडा चालू असतो. व्यापारी बागेत, मजूर बागेत, मालक दोघांच्या मागे. मार्चच्या मध्यापासून चांदवड, येवला, देवळा, सटाण्याकडे उन्हाळ कांद्याची काढणी. त्या दिवसांत महोत्सव ठेवला की गर्दी होते ती शहराची. हातसडीचा तांदूळ आणि नागलीचे पापड घ्यायला गंगापूर रोडवरून लोक येतात. ती विक्रीही हवीच, पण मग त्याला धान्य महोत्सव म्हणा.

बियाण्याचंच बघा. राहुरी विद्यापीठाच्या स्टॉलवर रब्बी कांद्याचं एन-२-४-१ मार्चमध्ये मांडून करायचं काय? त्याची रोपं ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकतात. खरिपाच्या बसवंत-७८० ची रोपवाटिका मे-जूनमध्ये. म्हणजे बियाणं आणि अवजारं दाखवायची तर एप्रिलअखेर ते मे बरा, पण तेव्हा नवं आर्थिक वर्ष नुकतं उजाडलेलं आणि खात्यात खडखडाट. शिवाय मेमध्ये वळवाचा पाऊस मांडव उचलून नेतो तो वेगळा.

जिवंत पीक प्रात्यक्षिक हा सगळ्यात उपयोगाचा भाग, आणि तोच पहिला गळतो. भाजीपाल्याचे वाण शेजारी शेजारी उभे करून दाखवायचे तर ६० ते ७५ दिवस आधी लागवड हवी. मंजुरी जानेवारीअखेर आली तर मार्चमध्ये कुंड्या मांडतात आणि त्याला 'प्रात्यक्षिक' म्हणतात.

---

लेखाशीर्ष

उशीर का होतो ते नीट मांडतो, नाहीतर दोष भलत्याच टेबलावर जातो.

जिल्ह्याचा कृती आराखडा तालुक्यांकडून वर जातो, नियामक मंडळाची मान्यता घेतो, मग कृषी आयुक्तालय, राज्याची एकत्रित योजना आणि केंद्राची मंजुरी. केंद्राचा हप्ता आला की राज्याने आपला ४० टक्के हिस्सा त्यात घालायचा. जुलै २०२१ पासून केंद्रपुरस्कृत योजनांना सिंगल नोडल एजन्सीची, म्हणजे राज्यात योजनेचं एकच मुख्य खातं ठेवायची, पद्धत आली. जिल्ह्याच्या खात्यात आता पैसे पडून राहत नाहीत, खर्चाची मर्यादा मिळते. बिल पीएफएमएसवर (केंद्राच्या ऑनलाइन निधी-प्रणालीवर) चढवायचं, पैसे मुख्य खात्यातून थेट पुरवठादाराला. आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामी खर्चल्याचा दाखला) अडलं की पुढचा हप्ता अडतो. एका जिल्ह्याने कागद लटकवले की बाकीचेही ताटकळतात.

मर्यादा ३१ मार्चला संपते. जिल्ह्याला ती डिसेंबर-जानेवारीत दिसली की निविदेचे दिवस वजा जाता हातात फेब्रुवारी-मार्चच उरतो.

यात जिल्ह्याच्या हातात असलेली एक गोष्ट क्वचितच केली जाते. मर्यादा यायच्या आधी निविदेची तयारी पूर्ण करून ठेवता येते. तपशीलवार अंदाजपत्रक, मांडवाचा नकाशा, तांत्रिक अटी आणि मैदानाचं आरक्षण या चारही गोष्टींना पैसा लागत नाही, किंवा अनामतीपुरता लागतो. 'निधी उपलब्धतेच्या अधीन राहून' अशी अट घालून निविदा काढायला सक्षम अधिकाऱ्याची मान्यता घेतली तर सहा-सात आठवडे वाचतात. नोव्हेंबर-डिसेंबर गाठायचा तर दुसरा रस्ता नाही.

---

पेठरोड

वरच्याला जोडून. ४ लाखांत महोत्सव होत नाही, बरोबर. पण आत्माच्या बाकीच्या बाबी महोत्सवाच्या दिवसांत बसवल्या तर नियम न मोडता बरंच निघतं. २०१४ च्या सूचनांतले दर असे:

किसान गोष्ठी किंवा शेतीदिन, कार्यक्रमामागे १५,००० रु.
शेतकरी-शास्त्रज्ञ संवाद, २५ शेतकरी आणि २ दिवस, २०,००० रु.
जिल्ह्यांतर्गत अभ्यासदौरा, शेतकऱ्यामागे दिवसाला ३०० रु. राज्यांतर्गत ४०० रु.

सुरगाणा, पेठ, कळवणचे शेतकरी स्वखर्चाने नाशिकला येत नाहीत. एसटीची गाडी प्रासंगिक करारावर घेऊन ५० जणांचा एक दिवसाचा दौरा काढला तर १५,००० रु. अभ्यासदौऱ्याच्या बाबीतून निघतात. गाडी, दुपारचं जेवण आणि पाणी त्यात बसवायचं. सकाळी ११ ते ४ एवढाच वेळ मैदानावर मिळतो, म्हणून त्या तालुक्याचा भात-नागली-वरईचा संवाद दुपारी १२ ला ठेवायचा, उद्घाटनाच्या भाषणांच्या वेळेत अजिबात नाही.

सावध राहण्याची जागा: अभ्यासदौऱ्याची हजेरी वेगळी, संवादाची वेगळी. एकच सही-यादी झेरॉक्स काढून दोन्ही फाइलींना लावली की लेखापरीक्षणात 'एकाच लाभार्थ्यावर एकाच दिवशी दुबार खर्च' असा शेरा बसतो आणि रक्कम वसूलपात्र ठरते. दोन्ही बाबी खरोखर झाल्या असतील तरी.

---

चांदवडी

पण अशी जोडाजोड करायला लावणं हीच गंमत नाही का? सरळ पुरेसा निधी द्या की.

---

लेखाशीर्ष

@चांदवडी, पुरेसा दिला तर तो मंडपात जातो. अंदाजपत्रक उघडून बघा: व्यासपीठ, एलईडी पडदा, स्वागत कमान, फ्लेक्स, सोफे. उद्घाटनाच्या दोन तासांसाठीचा खर्च आणि पाच दिवसांच्या चर्चासत्रांचा खर्च शेजारी मांडले की उत्तर मिळतं. शीर्ष बांधलेलं असतं म्हणून तज्ज्ञांचं मानधन तरी वाचतं.

---

मंडप-मोजमाप

प्रत्यक्ष मैदानाबद्दल. अंदाजपत्रक इथेच फसतं आणि मग वाढीव बिलं येतात.

१५० स्टॉल धरा, प्रत्येकी ३ × ३ मीटर. नुसते स्टॉल १,३५० चौ. मी. रस्ते, मागची सेवावाट आणि कोपरे धरून याच्या सव्वादोन ते अडीचपट जागा लागते, म्हणजे ३,००० ते ३,४०० चौ. मी. मधला रस्ता ३ मीटरपेक्षा कमी नको, ट्रॅक्टर-अवजारांच्या बाजूला ६ मीटर. ५०० खुर्च्यांच्या चर्चासत्र मंडपाला ४५० ते ५०० चौ. मी. निविदेत बहुतेक वेळा 'आवश्यकतेनुसार मंडप' एवढंच लिहिलेलं असतं. तसं लिहाल तर मोजमाप पुस्तिकेत (कामाची मापं नोंदवायच्या सरकारी वहीत) आकडा कशाच्या आधारे चढवणार? छायाचित्रांवरून मंडप मोजता येत नाही. उभारणी झाल्यावर, उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, ठेकेदाराच्या प्रतिनिधीसमोर टेप लावून मोजायचं आणि दोघांच्या सह्या घ्यायच्या.

विजेचं गणित: स्टॉलला ५०० वॅट धरले तर ७५ किलोवॅट. दिवे, ध्वनी, पडदा मिळून आणखी २० धरा. ९५ किलोवॅट भागिले ०.८ (पॉवर फॅक्टर), म्हणजे ११९ केव्हीए. कागदावर १२५ चा जनरेटर पुरतो. पण खाद्यपदार्थांच्या स्टॉलवर कुणी इंडक्शन लावलं की संपलं. एक १२५ घेण्यापेक्षा ८२.५ चे दोन घ्या, म्हणजे एक बंद पडला तरी अर्धं मैदान चालू राहतं. खाद्यविभागाचा फेज वेगळा ठेवा. प्रत्येक ओळीच्या पेटीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. पाणी मारलेल्या मैदानावर उघडे जोड असतात, आणि धूळ बसावी म्हणून टँकर रोज सकाळी येतोच. महावितरणची तात्पुरती जोडणी आणि विद्युत निरीक्षकांची तपासणी यासाठी अर्ज मांडव उभा राहायच्या आधी द्या. आदल्या रात्री धावाधाव केली की तपासणी कागदावरच उरकते.

आगीबाबत तात्पुरत्या मांडवांसाठी भारतीय मानक ८७५८ आहे, त्याचा उल्लेख निविदेत करा. नाहीतर ठेकेदार साधं कापड लावून 'अग्निरोधक' म्हणून बिल लावतो. कापडाचा कोपरा कापून, बाहेर नेऊन काडी लावून बघायची. ज्वाला काढल्यावरही कापड पेटत राहिलं तर परत पाठवायचं.

---

सातबारा_उतारा

निविदेचा विषय निघालाच आहे तर करांचं. आत्मा ही शासनाने स्थापन केलेली नोंदणीकृत संस्था आहे, त्यामुळे जीएसटीची मूळस्रोत कपात (टीडीएस) तिला लागू होते. कराराची रक्कम कर वगळून २.५ लाखांच्या वर गेली की २ टक्के कपात. त्यासाठी कपात करणाऱ्याचा वेगळा नोंदणी क्रमांक लागतो, नेहमीचा चालत नाही. विवरण पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत. मार्चअखेर बिलं निघतात आणि एप्रिलच्या सुट्ट्यांत हे राहून जातं, मग विलंब शुल्क कुणी भरायचं यावर टिपण्या फिरतात. आयकराची कपात वेगळी.

या कपाती टाळायला किंवा निविदेच्या मर्यादेखाली राहायला मंडपाचे तीन तुकडे करून तीन कोटेशनवर काम देणं, हा सगळ्यात जुना दोष. व्यासपीठ एकाला, छत दुसऱ्याला, गालिचा तिसऱ्याला, आणि तिन्ही बिलांवर हस्ताक्षर एकच. महालेखाकारांचं पथक हे पहिल्या तासात काढतं.

---

निविष्ठा-परवाना

एक महत्त्वाचं राहिलं: स्टॉलवर विक्री.

बियाणे (नियंत्रण) आदेश १९८३, खत (नियंत्रण) आदेश १९८५ आणि कीटकनाशक कायदा १९६८, तिन्हींमध्ये परवाना जागेला असतो. पंचवटीतल्या दुकानाचा परवाना दाखवून मैदानावर औषधाची बाटली विकता येत नाही. माहिती द्या, नमुना दाखवा, नोंदणी घ्या, माल दुकानातून द्या. स्टॉलवाटपाच्या अटींत हे ठळक लिहायला हवं, कारण भरवणारं खातं आणि गुणनियंत्रण निरीक्षकांचं खातं एकच आहे. आपल्याच मांडवात विनापरवाना विक्री सापडली तर निरीक्षकाने पंचनामा कुणावर करायचा?

जास्त लक्ष द्यावं लागतं ते 'जैविक', 'वाढ संप्रेरक', 'नॅनो' अशा लेबलांच्या बाटल्यांवर. बायोस्टिम्युलंट (पीकवाढीला चालना देणारी उत्पादनं) २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आलेत, त्यामुळे 'आम्हाला परवाना लागत नाही' हे उत्तर आता चालत नाही. स्टॉल देतानाच उत्पादनांची यादी आणि नोंदणीचे कागद मागा. ज्याने यादी दिली नाही त्याला स्टॉल नाही. खाद्यपदार्थांच्या गटांना अन्न सुरक्षा नोंदणी लागते. उमेदच्या बचतगटांची ती बहुधा असते, फक्त प्रत बरोबर आणलेली नसते.

---

उन्हाळकांदा

@निविष्ठा-परवाना, +१. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर त्या बाटल्या टेबलाखालून निघतात, म्हणून पाहणी तेव्हा करावी. उद्घाटनाच्या दिवशी सगळे शहाणे असतात.

---

परदेशी_पाहुणा

तुलनेसाठी. कॅलिफोर्नियात राज्याचा कृषी विभागच जत्रांवर देखरेख ठेवतो आणि बरीच जत्रामैदानं तिथल्या जिल्हा कृषी संघांच्या ताब्यात असतात. या संघांना राज्याच्या संस्थेचा दर्जा आहे. पूर्वी पैसा घोड्यांच्या शर्यतींच्या परवाना शुल्कातून यायचा. २००९ मध्ये तो राज्याच्या सर्वसाधारण निधीवर टाकला आणि २०११ च्या काटकसरीत तो निधीच बंद केला. नंतर २०१७ च्या कायद्याने जत्रामैदानावर होणाऱ्या विक्रीच्या पाऊण टक्क्याएवढा विक्रीकराचा वाटा जत्रांकडे वळवला. म्हणजे मैदान वर्षभर जितकं चालेल तितका पैसा.

आपल्याकडे मैदान दुसऱ्याचं, भाडं दरवर्षी नवं, आणि मांडव उभारून मोडायचा. पैशाचा मोठा वाटा पाच दिवसांच्या कापडाबांबूत जातो.

---

चांदवडी

मग बाजार समित्यांचं आवार का नाही? पिंपळगाव, लासलगावला शेड आहेत, वजनकाटे आहेत, पार्किंग आहे.

---

मंडप-मोजमाप

@चांदवडी, शेड आहेत पण रिकामी कधी असतात? लिलाव पाच दिवस बंद ठेवणं म्हणजे आंदोलनाला आमंत्रण. तालुका मेळावा असेल तर सुट्टीच्या दिवशी एक दिवसाचा चालतो. तेवढ्यापुरती कल्पना चांगली आहे, मांडवाचा खर्च जवळजवळ संपतो.

---

पेठरोड

शेतमालविक्रीचा भाग पणन मंडळाच्या फळे व धान्य महोत्सव अनुदान योजनेत बसवता येतो का तेही बघावं. तिथे अनुदान स्टॉलमागे मोजतात आणि पूर्वमान्यता लागते. आधी महोत्सव उरकून मग प्रस्ताव पाठवला की परत येतो. आत्माच्या पैशातून ज्या स्टॉलचा खर्च टाकला तोच स्टॉल पणनच्या प्रस्तावात दाखवायचा नाही. नकाशावर दोन रंगांनी स्टॉल वेगळे दाखवा आणि तोच नकाशा दोन्ही फाइलींना लावा, वाद मिटतो.

---

गोदाकाठ

उत्तम माहिती येतेय, सर्वांचे आभार. दोन प्रश्न. (१) स्टॉलभाडं आणि प्रायोजकांचा पैसा जातो कुठे? (२) सामान्य शेतकऱ्याला हिशेब बघायचा तर कसा?

---

लेखाशीर्ष

(१) स्टॉलभाडं आत्माच्या बँक खात्यात, पावतीसह, रोकडवहीत त्याच दिवशी. अनुदानाच्या रकमेत ते मिसळायचं नाही, वेगळं दाखवायचं. घोळ होतो तो 'महोत्सव समिती' नावाचं अनौपचारिक प्रकरण उभं राहतं तेव्हा. पावतीपुस्तक समितीचं, खातं कुणाचंतरी, आणि मांडव सरकारचा. प्रायोजक थेट मंडपवाल्याला पैसे देतो, तेव्हा तो व्यवहार सरकारी वहीत येतच नाही आणि त्याच मांडवाचं बिल इकडूनही निघू शकतं. वस्तुरूपात मदत घेतली तरी तिची नोंद आणि अंदाजे किंमत लिहून अंदाजपत्रकातून तेवढी वजा करायची.

दुसरं, निविष्ठा (बियाणं, खत, औषध) विक्रेत्यांवर प्रवेशिका खपवणं. ज्याचा परवाना आपण तपासतो त्याच्याकडूनच वर्गणी घ्यायची हे बरं दिसत नाही. डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात सिल्लोडच्या कृषी महोत्सवाच्या वसुलीच्या आरोपांवरून गदारोळ झाला तो याच मुद्द्यावर.

---

सातबारा_उतारा

(२) माहिती अधिकार. नमुना 'अ', १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, आत्माच्या जन माहिती अधिकाऱ्यांच्या नावे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. 'महोत्सवाच्या खर्चाची संपूर्ण माहिती द्या' असं लिहू नका, 'माहिती विस्तृत आहे, कार्यालयात येऊन पाहावी' असं उत्तर येतं. कागदाचं नाव घेऊन मागा:

प्रशासकीय मान्यतेचा आदेश आणि अंदाजपत्रक, मंडपाच्या कामाचा तुलनात्मक तक्ता आणि कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, स्टॉलवाटपाची यादी, प्रत्येकाच्या पावती क्रमांकासह, उपयोगिता प्रमाणपत्र.

पानाला २ रुपये. मुदत ३० दिवस. यादी आणि रोकडवही शेजारी ठेवली की फुकट दिलेले स्टॉल किती आणि कुणाला हे अर्ध्या तासात कळतं. बचतगटांना फुकट दिले असतील तर उत्तमच, पण तसा ठराव हवा.

उपयोगिता प्रमाणपत्र शेवटी वाचा. संस्था म्हणून आत्माचं ते जीएफआरच्या (केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांच्या) १२-ए नमुन्यात असतं, राज्याकडून केंद्राकडे १२-सी. त्यात 'ज्या कारणासाठी मिळाला त्यासाठी खर्च झाला' हे असतं, आणि १२-ए ला योजनेच्या साध्याचं परिशिष्ट जोडायचं असतं. पण एकट्या महोत्सवातून काय निष्पन्न झालं याला त्यात वेगळा रकाना नाही.

---

उन्हाळकांदा

तो रकाना जिल्ह्याने आपला आपण करावा. '२ लाख शेतकऱ्यांची भेट' असले आकडे दारावरच्या माणसाच्या अंदाजाने बनतात. त्याऐवजी प्रवेशाला क्रमांक घातलेलं फाडपत्र ठेवा. त्यावर गाव, पीक आणि मोबाइल, तीनच ओळी. चार ओळी केल्या की रांग तुंबते. फाडपत्रांची गठ्ठी रोज संध्याकाळी तालुकानिहाय मोजायची. पंधरा तालुक्यांपैकी नाशिक तालुक्याचा ढीग एकटाच मोठा दिसला तर तारीख चुकली, प्रसिद्धी चुकली किंवा गाड्या सुटल्या नाहीत, तिघांपैकी काहीतरी नक्की. दुसऱ्याच दिवशी दुरुस्त करता येतं.

---

चांदवडी

वाचनखूण साठवली. शेवटचं विचारतो, पाऊस आला आणि दोन दिवस वाया गेले तर मंडपवाल्याचं बिल पूर्ण द्यायचं का?

---

मंडप-मोजमाप

@चांदवडी, दर कसा मागवला त्यावर. 'संपूर्ण कामाचा एकरकमी' मागवला असेल तर मांडव उभा होता म्हणून पूर्ण द्यावं लागतं. दर 'प्रति चौ. मी. प्रति दिन' असेल आणि बंद दिवसांची अट असेल तर कपात करता येते. मधला मार्ग म्हणजे उभारणी-मोडणीचा दर वेगळा आणि दिवसाचं भाडं वेगळं मागवायचं. जनरेटरलाही तसंच: भाडं दिवसावर, डिझेल तासावर. त्यासाठी तासमापकाचं वाचन रोज सुरू करताना आणि बंद करताना नोंदवहीत लिहून दोघांची सही. ते लिहिलं नसेल तर जनरेटर पाचही दिवस चोवीस तास चालल्याचं बिल येतं, महावितरणची वीज चालू असली तरी.